साच्याचा तडा

एल्विओने पाठवलेला फोटो आला तेव्हा मी उभ्याउभ्या जेवत होते. हल्ली मी सगळंच उभ्याने करायचे. सोमवारी पुस्तक छापखान्यात जायचं होतं आणि तोवर मला खुर्ची चावत होती. संग्रहालयाच्या खोलीत खिडकीपासून कपाटापर्यंत आणि कपाटापासून खिडकीपर्यंत माझ्या फेऱ्या चालायच्या. खालच्या मजल्यावरचा पहारेकरी म्हणे, "ओर्तेन्सियाबाई, छत झिजेल आमचं."

पुस्तक शिशाच्या बिल्ल्यांचं. रोमन लोकांचे हे बिल्ले अंगठ्याच्या नखाएवढे असतात. कुठे धान्य वाटायचे, कुठे स्नानगृहात सोडायचे, कुठे एखाद्या श्रीमंताकडे जेवणावळ असायची. बिल्ला दाखवायचा आणि आपला वाटा घेऊन चालू पडायचं. नाण्यावर सम्राटाचं तोंड असतं, नाव असतं, त्यामुळे नाण्याचा काळ शेंबडं पोरही सांगेल. बिल्ल्यावर एखादा कोंबडा, एखादं गलबत, फार तर दोन अक्षरं. कुणी केला, कधी केला, ताकास तूर लागू देत नाही. अशा हट्टी जिनसांना काळाच्या खुंटीवर टांगण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. बरोबरीच्या बायकांना मुलंबाळं झाली, मला बिल्ले झाले.

माझी खुंटी म्हणजे फोचेल्लाची विहीर. टायबर समुद्राला मिळायच्या जरा अलीकडे आमचं फोचेल्ला गाव आणि गावाबाहेर जुन्या बंदराचं उत्खनन. मी विद्यार्थिनी असताना ती विहीर उपसायला घेतली. सगळ्यांत काटकुळी मी, म्हणून दोराला बांधून मलाच आत सोडलं. चिखलात हात घातला तर मूठभर बिल्ले आले. एका बाजूला एकमेकांत गुंफलेले दोन हात, दुसऱ्या बाजूला होडी. पुन्हा हात घातला, पुन्हा मूठभर. त्यांच्याखाली सम्राट अंतोनिनुसचं नाणं निघालं आणि त्यांच्यावर रोमन मडक्यांचा थर होता. म्हणजे बिल्ले नाण्यानंतरचे आणि मडक्यांच्या आधीचे. याहून चांगला पुरावा आमच्या धंद्यात देव स्वतः खाली उतरून देत नाही.

त्यातून या बिल्ल्यांचा साचाही आमच्याकडेच होता. संगमरवराच्या दोन फरश्या, एकीवर हात कोरलेले, दुसरीवर होडी. युद्धाच्या आधी, १९३८ साली त्याच बंदराच्या एका दुकानगाळ्यात सापडलेला. हातांच्या फरशीला केसाएवढा तडा गेला आहे. पातळ शिसं त्या तड्यात शिरलं की बिल्ल्यावर हातांना आडवी जाणारी बारीक उंच रेघ उमटते. विहिरीतल्या प्रत्येक बिल्ल्यावर ती रेघ आहे. रोममध्ये नदीच्या गाळात सापडलेले बिल्ले याच साच्यातले, पण त्यांच्यावर रेघ नाही. मग सरळच आहे, बिनरेघेचे आधीचे आणि रेघवाले नंतरचे. रेघवाल्यांचा काळ विहिरीने सांगितला, बिनरेघेच्यांचा रेघवाल्यांनी, आणि त्यांच्याबरोबर गाळात सापडलेल्या कोंबड्यांचा, गलबतांचा, देवींचा त्यांनी. एकाला धरून दुसरा, असे मी शेकडो बिल्ले ओवले. त्यावर मला पदवी मिळाली, नोकरी मिळाली, आणि बर्लिनपासून अथेन्सपर्यंत लोक "फोचेल्लाची रेघ" म्हणायला लागले.

एकच माणूस आडवा यायचा, प्रोफेसर उबाल्दो मार्सिली. एके काळचे आमचे संचालक. प्रत्येक सभेत उभे राहून म्हणायचे, "विहिरीतले बिल्ले धरू नका." का, ते विचारलं की, "धरू नका म्हणतो ना." गावात सगळे म्हणत, म्हातारा पोरीला पाण्यात पाहतो. मलाही तसंच वाटायचं. शेवटी मी शिशाची तपासणी करून घेतली. ताज्या गाळलेल्या शिशात किरणांची एक खूण असते, ती काही पिढ्यांत विझते. विहिरीतल्या शिशात ती पार विझलेली होती. तो अहवाल मी प्रोफेसरांना रजिस्टर टपालाने पाठवला, पोचपावतीसकट. इतका जळफळाट मी दुसऱ्या कुणावर खर्च केलेला नाही.

तर तो फोटो. एल्विओ रोममधल्या फोटोंच्या जुन्या संग्रहात काम करतो. पुस्तकाच्या पहिल्या पानावर साच्याचा एखादा जुना फोटो टाकावा म्हणून मी त्याला विचारलं होतं. साचा सापडला त्या दिवशी काढलेल्या फोटोची निगेटिव्ह, जुन्या पद्धतीची काच, त्याला मिळाली. ती आजवर कुणी पाहिली नव्हती, कारण प्रत्यक्ष साचा खणात असताना त्याचा फोटो कोण बघतंय?

मी काटा खाली ठेवला आणि फोटो मोठा केला. वर्तमानपत्रावर मांडलेल्या दोन फरश्या. हात इतके स्वच्छ की बोटं मोजावीत. तडा नव्हता.

मी फोटो आणखी मोठा केला. वाटलं, दुसराच साचा असेल. पण कोपऱ्यातला टवका तोच होता आणि शिसं ओतायच्या पन्हळीचं वाकडं वळणही तेच. मी खणातून खरी फरशी काढून शेजारी ठेवली. इथे तडा आहे, तिथे नाही. मी एल्विओला फोन लावला.

"काच साफबीफ केलीस का रे? एखादी रेघ पुसली गेली असेल?"

"अगं बाई, त्या काचेवर श्वास सोडायचीसुद्धा मला चोरी. रेघ कुठली पुसतोय? का, काय झालं?"

"काही नाही."

"तुझं 'काही नाही' मला ठाऊक आहे. उभी आहेस ना? बस आधी."

मी बसले नाही. साचा जमिनीतून निघाला तेव्हा अखंड होता. तडा नंतर गेला, आमच्या ताब्यात असताना. म्हणजे रेघ असलेला प्रत्येक बिल्ला १९३८ नंतर ओतलेला. सम्राट अंतोनिनुसचा आणि त्याचा काडीचा संबंध नाही. आणि मी दोराला लटकून, चिखलात माखून, आनंदाने किंचाळत ते वर काढले होते.

मी कोट घालून बाहेर पडले. चौकातल्या बारमध्ये कॉफी सांगितली आणि न पिताच निघाले. नदीपर्यंत गेले, परत फिरले. डोक्यात चरक सुरू होता. गप्प बसले तर? झाकली मूठ सव्वा लाखाची. एल्विओला बिल्ल्यातलं ओ की ठो कळत नाही, पुस्तक सोमवारी जाईल, लोक टाळ्या वाजवतील. पण मग रात्री डोळा लागेल का माझा? दुसरं, नुसता फोटो छापून मोकळं व्हावं. तर लोक विचारणार, बाई, हे खोटे बिल्ले त्या बंद थरात शिरले कसे? आणि ते शिरले तर नाणं कशावरून खरं, मडकी कशावरून खरी? अख्खी विहीर बुडणार, तिच्याबरोबर माझ्यासारख्या आणखी दहा जणांचं काम. आडात नव्हतं ते पोहऱ्यात आलं कुठून, हे सांगणारा माणूस हवा होता.

आणि मग चालता चालता माझे पाय थांबले. इतकी वर्षं एकच माणूस म्हणत होता, विहिरीतले बिल्ले धरू नका. कारण न देता. खाई त्याला खवखवे.

प्रोफेसर उबाल्दो स्वयंपाकघरात आर्टिचोकची भाजी सोलत बसले होते. घरातही गळ्याला रेशमी रुमाल. माणूस सत्त्याहत्तरीचा झाला तरी रुबाब गेलेला नाही. मी फोटो त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि लिंबाच्या पाण्यात हात बुडवले.

"चांगला आलाय फोटो," म्हणाले.

"तडा कुठे आहे, प्रोफेसर?"

"बस ना, ओर्तेन्सिया."

"मला बसायचं नाहीये. तडा कुठे आहे?"

"अजून जायचाय," ते म्हणाले. "त्याला एकोणीस वर्षं अवकाश आहे."

मी भांड्यांच्या फडताळाला टेकून उभी राहिले. त्यांनी हात पुसले आणि बोलायला लागले, जणू वर्गात शिकवताहेत. १९५७ साली ते संग्रहालयात नवे मदतनीस होते आणि त्यांचं लग्न ठरलं होतं. पाहुण्यांना लग्नात साखरी बदाम देतात, जाळीच्या कापडात पाच-पाच बांधून, बरोबर काहीतरी छोटीशी वस्तू. कुणी चिनी मातीचं कबूतर देतं, कुणी चांदीचा चमचा.

"मी ठरवलं, आपण बिल्ला द्यायचा. खऱ्या साच्यातला. गुंफलेले हात, लग्नाला याहून शोभेसं काय आहे? कुणाच्या लग्नात झालं होतं असं? सांग ना."

"आणि शिसं?"

"रोमन नळाचा एक फुटका तुकडा गोदामात पडला होता, कुणाच्या खिजगणतीत नसलेला. तोच वितळवला. मी अर्धवट कामं करत नसतो. तुझा तो अहवाल आला तेव्हा हसूही आलं मला, आणि... असो. पण साचा आधी ऊन करून घ्यावा लागतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लग्नाच्या आदल्या दिवशी पहिलंच शिसं ओतलं आणि टक् आवाज झाला. एवढासा."

"म्हणजे माझी रेघ..."

"माझी," ते म्हणाले. "रेघ माझी आहे."

वीस वर्षांत त्यांनी कारण दिलं नव्हतं आणि आता दिलं ते असं. मला त्यांच्या डोक्यावर आर्टिचोकचं पातेलं उपडं करावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"आणि विहिरीत?"

"लग्न झालं नाही. त्याच दिवशी संध्याकाळी अख्खी टोपली विहिरीत उपडी केली. विहीर तेव्हा अर्धी उपसून सोडलेली होती, कुठे नोंदसुद्धा न करता. त्या हिवाळ्यात नदी चढली, काठ ढासळला आणि शेजारचा उपसलेला ढिगारा मडक्यांसकट आत गेला. छान झाकलं गेलं सगळं. आणि मग तू उतरलीस."

"तुम्ही काठावर उभे होता! मी खालून ओरडले, बिल्ले, बिल्ले! आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या!"

"सगळेच वाजवत होते."

मी स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारल्या. मग त्यांना सांगितलं, मला हे लेखी हवंय, सहीनिशी. कोणी ओतले, कधी ओतले, विहिरीत कसे गेले. तरच खालचं नाणं वाचेल आणि विहिरीची अब्रू राहील, बिल्ले तेवढे जातील.

त्यांनी रुमाल सैल केला. "लिही की, अज्ञात इसमाने."

"अज्ञात इसमाच्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार? तुमची लाज वाटतेय होय तुम्हाला? अहो, पन्नास वर्षं झाली. नवरदेवाने हौसेने बिल्ले केले, लग्न मोडलं. लोक हसतील आणि विसरतील."

"गावाला काय माहीत आहे, ते ठाऊक आहे ना तुला?"

ठाऊक कसं नसणार? फोचेल्लात जन्मलेल्या प्रत्येकाला ते दुधाबरोबर मिळतं. उबाल्दो मार्सिलीने नेरीना स्पादोनीला ऐन लग्नाच्या दिवशी सोडलं. त्याला म्हणे आठवडाभर आधीच तिच्यात काहीतरी खोट दिसली होती, त्याने मनाशी नक्की केलं होतं, फक्त सांगितलं शेवटी. काय खोट, ते त्याने सज्जनपणे कधी बोलून दाखवलं नाही. त्यामुळे लोकांनी आपापल्या मगदुराप्रमाणे खोट शोधली. नेरीनाला पुन्हा कुणी मागणी घातली नाही. चौकामागे तिचं जाळी आणि दोरांचं दुकान आहे. सत्तरी उलटली तरी गाव तिला अजून सिन्योरिना म्हणतं, बिनलग्नाच्या पोरीला म्हणतात तसं.

"आठवडाभर आधी सोडायचं ठरवलेला माणूस," मी हळूहळू म्हणाले, "आदल्या दिवशी लग्नाचे बिल्ले ओतत बसत नाही."

"नाही बसत."

"म्हणजे तुम्ही नाही सोडलंत तिला."

ते खिडकीबाहेर बघायला लागले. "ती आलीच नाही. चर्चच्या पायऱ्यांवर मी, माझे वडील, संचालक, रोमहून आलेले पाहुणे. मला काहीतरी बोलणं भाग होतं. तोंडातून निघालं, मीच नको म्हटलंय. एकदा निघालं ते निघालं."

"का नाही आली?"

"बायकांचं काय सांगावं?" असं म्हणून त्यांनी पुन्हा आर्टिचोक हातात घेतला. "तिला विचार. ती हो म्हणाली तर करतो सही."

पन्नास वर्षं एका चौकात राहून या माणसाला जे जमलं नाही, ते करायला तो मला पाठवत होता. मी दार आपटून निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेरीनाच्या दुकानात गेले तेव्हा ती एका कोळ्याशी दोराच्या जाडीवरून भांडत होती. "हा दोर तुला सासूला बांधायला हवाय की होडीला? होडीला ना? मग हाच ने." तो गेला. मी गल्ल्याजवळ उभी राहून इकडचं तिकडे, तिकडचं इकडे करत राहिले.

"तू संग्रहालयातली ना? विहिरीत उतरलेली?" ती म्हणाली. "काय हवंय? एका जागी उभी राहा आधी, मला चक्कर येतेय."

मी खिशातून एक बिल्ला काढून तिच्यासमोर ठेवला. तिने तो उचलला, तळहातावर तोलला आणि रेघेवरून अंगठा फिरवला. ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

"फेकले नव्हते तर त्याने."

"फेकले होते. मी वर काढले. सिन्योरिना, तुम्हाला माहीत होतं?"

"आदल्या दिवशी दुपारी घरी घेऊन आला होता टोपलीभर. बोटं भाजलेली. लहान मुलासारखा खूश. मीही खूश झाले, खोटं कशाला सांगू? मग मी विचारलं, ही रेघ कसली? तर म्हणे, साचा तडकला. मी म्हटलं, अरे देवा, मग संचालक काय म्हणाले? तर म्हणे, त्यांना कशाला सांगायचं? खणात उलटा ठेवून दिलाय, कुणाला कळणार नाही. आणि कळलंच तर खणाची किल्ली काय एकट्या माझ्याकडेच असते का?"

दुसरी किल्ली तिथल्या पहारेकऱ्याकडे असायची आणि त्या वेळी पहारेकरी तिचा बाप होता, हे गावात सगळ्यांनाच माहीत होतं.

"त्याच्या मनात पाप नव्हतं, हे मला आजही पटतं," नेरीना म्हणाली. "त्याने विचारच केला नव्हता. माझ्या बापाची नोकरी जाईल, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. मी म्हटलं, उबाल्दो, उद्या सकाळी आधी कार्यालयात जा आणि सांग. मग चर्चमध्ये ये. तो म्हणाला, वेडी आहेस का, लग्नाच्या दिवशी? मी म्हटलं, लग्नाच्या दिवशीच."

"आणि तो गेला नाही."

"नाही."

"मग गावात तो काय वाटेल ते सांगत सुटला आणि तुम्ही गप्प का राहिलात?" माझा आवाज चढला होता, मलाच कळलं.

"काय बोलू? का नाही म्हटलं, हे सांगितलं की साच्याचं निघणार. साच्याचं निघालं की शब्द कुणाचा खरा ठरणार, डॉक्टर मार्सिलींचा की पहारेकरी स्पादोनीचा? बाबा निवृत्त होऊन वारले, तोवर गावाला गोष्ट पाठ झाली होती. पाठ झालेलं कोण खोडतं?"

मी तिला सगळं सांगितलं. फोटो, पुस्तक, सोमवार, सही. मग आदल्या संध्याकाळी तयार केलेला मजकूर वाचून दाखवला. "हे बिल्ले १९५७ साली प्राध्यापक उबाल्दो मार्सिली यांनी मूळ साच्यातून स्वतःच्या विवाहासाठी ओतले. काही कारणाने तो विवाह झाला नाही. त्यानंतर ते विहिरीत टाकण्यात आले."

"पुन्हा वाच मधलं."

"काही कारणाने तो विवाह..."

"काही कारणाने?" ती म्हणाली. "कारण तुझ्यासमोर बसलंय."

मी पेन काढलं आणि ती सांगत गेली तसं लिहीत गेले. तिने घाई केली नाही. एक शब्द बदलला, पुन्हा पहिलाच ठेवला. शेवटी म्हणाली, "माझं नाव घाल. पूर्ण. आणि सही त्याने इथे येऊन करायची. माझ्या दुकानात."

प्रोफेसर येतील असं मला वाटलं नव्हतं. फोनवर म्हणाले, रुमाल बदलतो आणि येतो. मी दुकानासमोर फेऱ्या घालत होते. ते आले, दारात टोपी काढली. नेरीनाने त्यांना बस म्हटलं नाही. गल्ल्यावर दोरांच्या वेटोळ्यांमध्ये कागद ठेवला होता. त्यांनी तो उभ्यानेच वाचला, ओठ हलवत.

"हे बिल्ले १९५७ साली उबाल्दो मार्सिली यांनी मूळ साच्यातून स्वतःच्या लग्नासाठी ओतले. ओतताना त्यांच्या हातून साचा तडकला. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. म्हणून वधू नेरीना स्पादोनी हिने लग्नाला नकार दिला. त्यांनी बिल्ले विहिरीत टाकले."

त्यांनी दोनदा वाचलं. मला वाटलं, आता हुज्जत घालतील. आयुष्यभर दुसऱ्यांचे मजकूर कापून काढणारा माणूस. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि सही केली, संचालक असताना करायचे तशी लफ्फेदार नव्हे, नुसतं नाव. माझा हात लगेच कागदाकडे गेला. माझी खुंटी उपटली गेली होती. पुस्तकातलं सगळ्यांत मोठं प्रकरण रद्द होणार होतं, छापखान्याला थांबवायचं होतं आणि बिनरेघेचे बिल्ले पुन्हा अधांतरी झाले होते. मला रडू येत होतं आणि तरीही तो कागद हातात घ्यायची घाई झाली होती.

नेरीनाने कागदावर हात ठेवला. "थांब. वाचू दे मला."

चष्मा नाकावर घेऊन तिने वाचलं, खालची सही धरून.

"झालं समाधान?" प्रोफेसर म्हणाले. टोपी हातातल्या हातात फिरत होती. मग आवाज खाली आला. "नेरी. मी त्या सकाळी जाऊन सांगितलं असतं तर? आली असतीस?"

तिने चष्मा काढून गल्ल्यावर ठेवला.

"मी सगळं लेवून बसले होते, उबाल्दो. तुमचं कार्यालय आमच्या खिडकीसमोरच होतं. चर्चच्या घंटा थांबेपर्यंत त्या दाराकडे बघत होते, तू आत जाताना दिसतोस का म्हणून."